पाटावर मांडलेल्या चार डिस्क

आत्या, यंदाच्या खंडेनवमीला मी तुमचं अक्षर न् अक्षर ऐकलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. तुम्ही असतात तर कमरेवर हात ठेवून म्हणाला असतात, "म्या कुंकू लाव म्हनलं व्हतं, डोकं गहाण ठेव न्हाय म्हनलं." खरं आहे. पण आधी सगळं ऐकून घ्या, मग बोला. आपल्याकडं सासूला आत्याच म्हणतात. मला माहेरी सख्ख्या आत्याही होत्या, पण त्यांना मी कधी तुमच्याएवढी घाबरले नाही आणि त्यांच्याशी कधी तुमच्याएवढी भांडलेही नाही. तुम्ही गेल्यावर अंगणात लावलेला लिंब आता घराच्या वर गेलाय. माझेही केस पिकले. तरी घरात काही बिघडलं की तोंडातून पहिलं "आत्या" निघतं, "आई गं" नंतर. म्हणून म्हटलं, आज तुम्हालाच लिहावं. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. कुणाचं पत्र आलं की तुम्ही म्हणायचात, "वाचून दाखव, पण मधी तुझं घालू नको." तर मधी माझं न घालता सांगायचा प्रयत्न करते. जमेल असं वाटत नाही.

माझ्या लग्नानंतरची पहिली खंडेनवमी आठवते का? मी माहेरहून, बार्शीहून, शिलाई मशीन घेऊन आले होते. घटातलं धान वीतभर वर आलं होतं, घर सारवलेलं होतं, आणि तुम्ही पाटावर विळा, खुरपं, कुऱ्हाड, लोकर कातरायची कात्री अशी सगळी हत्यारं धुऊन मांडत होतात. मी मशीनला बाहेरून हळदी-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि निघाले स्वयंपाकाला. तुम्ही मागून हाक मारलीत. "हे काय गं? पाव्हण्याला उंबऱ्यातनंच वाटंला लावल्यावानी?" मग तुम्ही मला ते मशीन मोकळं करायला लावलंत. सुई काढ, बॉबिन काढ, ती खालची डबी काढ, पट्टा काढ. एकेक वस्तू ओल्या फडक्यानं पुसायची आणि पाटावर ठेवायची. "वरनं कुंकू लावलं की देव बी वरवरच पावतो," तुम्ही म्हणालात. "राबतं ते आत असतंय. त्याला भाईर काढ, त्याचं तोंड बघ, मग हात जोड." मला लई राग आला होता. नवी नवरी, सणाचा दिवस, आणि मी हाताला तेल फासून बसलेली. पण त्या मशीनमध्ये अडकलेले दोऱ्यांचे गोळे, मोडलेल्या सुयांची टोकं वर्षातनं एकदा बाहेर येऊ लागली आणि मशीन कधी कुरकुरलं नाही. देवाच्या नावाखाली तुम्ही माझ्याकडून साफसफाई करून घेत होतात हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

कॉम्प्युटर या घरात आला तोही तुमच्यामुळंच. ब्लाउज शिवून शिवून मी कंटाळले होते. कळंबला एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या शूटिंगची जोडाजोड शिकवतात असं मला कळलं होतं, पण तुमच्या लेकाला ते कसं सांगावं ते सुचत नव्हतं. त्याला जेवायला वाढताना तुम्हीच म्हणालात, "हिला सकाळी येरमाळ्याच्या स्टँडवर सोडत जा. पोरगं म्या बघती." एवढंच. त्यानं मान हलवली आणि भाकरी मोडली. मी महिनोन् महिने मनात घोळवत होते ती गोष्ट तुम्ही एका घासात उरकलीत. पुढं तुमच्या दोन गाभण शेळ्या बाजारात गेल्या आणि खोक्यातून कॉम्प्युटर घरी आला. तुम्ही त्याला चारी बाजूंनी बघितलंत आणि विचारलंत, "खातंय काय हे?" मी म्हटलं, "लाईट." तुम्ही कपाळावर हात मारलात. "मग आपल्या गावात उपाशीच मरतंय बघ." आणि समोरच्या घरातल्या बाईनं जेव्हा टोमणा मारला, की सून दिवसभर टीव्हीसमोर बसती वाटतं, तेव्हा तुम्ही भांडी घासता घासता मान वर न करता दिलेलं उत्तर गल्लीत अजून सांगतात. "माझी सून टीव्हीम्होरं बसत न्हाय बाई. टीव्ही तिच्याम्होरं बसतोय. ती म्हनंल तसा नाचतोय." आत्या, मी तेव्हा आतच होते. हातातलं काम सोडून रडले होते. तोंडावर तुम्ही मला कधी शाबास म्हणाला नाहीत, पण भिंतीआडून ऐकलेलं तेवढं मला आजवर पुरलंय.

आता त्या पहिल्या कॉम्प्युटरची नातवंडं-पतवंडं झाली. हल्ली मी ज्याच्यावर लग्नं, बारशी, जत्रा जोडते त्याच्या शेजारी एक काळी पेटी आहे, आपल्या भाकरीच्या डब्याएवढी. तिच्यात चार डिस्क उभ्या बसवलेल्या असतात. आपण जे साठवू त्याचे बारीक तुकडे करून ती पेटी चौघींत वाटून ठेवते, आणि त्याबरोबर असा काही हिशेब ठेवते की चौघींतली एक मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिच्या वाट्याचं सांगू शकतात. याला रेड म्हणतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वाटलं, जावा-जावांनी असं राहिलं असतं तर किती बरं झालं असतं. पण त्यात एक मेख आहे. कुठली पहिली, कुठली दुसरी, हा क्रम चुकला की सगळाच काला होतो. महागाच्या पेट्यांना तो क्रम आपसूक कळतो म्हणे. आमची जुनी, स्वस्तातली. म्हणून बसवून देणाऱ्यानं प्रत्येक डिस्कवर स्केच पेननं आकडा घालून दिला होता. पावसाळ्यात एका डिस्कपुढचा हिरवा दिवा लाल झाला. तो लाल दिवा म्हणजे तिचं काही खरं नाही अशी खूण होती. मी म्हटलं, लाल तर लाल, जळतोय ना, आणि त्याच्याकडं बघायचं सोडून दिलं.

तर खंडेनवमी. सोयाबीन काढून अंगणात आणून टाकलेलं, तुमचा लेक मळणी यंत्रवाल्याची वाट बघत दारात उभा, आणि मी न्हाऊन पूजेला बसलेले. इतकी वर्षं मी कीबोर्ड, माऊस, कॅमेऱ्याची भिंगं असं सगळं पाटावर मांडत आले. ती पेटी मात्र बाहेरूनच पुजत होते. यंदा तुमचा आवाज कानात आला, पाव्हण्याला उंबऱ्यातनंच वाटंला लावल्यावानी. म्हटलं, हिनं वर्षभर सगळ्यांत जास्त ओझं वाहिलं आणि हिचंच तोंड मी बघितलं नाही. मी पेटी बंद केली, चारही डिस्क ओढून काढल्या. धूळ तर विचारू नका. ओल्या फडक्यानं एकेक अशी लख्ख पुसली की त्यांच्यावरचे आकडे फडक्याला गेले, आणि मला ते दिसलंही नाही. पाटावर मांडल्या, कुंकू लावलं, झेंडू वाहिला, आरती केली. मला इतकं बरं वाटलं आत्या, म्हटलं तुम्ही बघत असाल. मग जशा हाताला आल्या तशा परत बसवल्या आणि बटण दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. नव्या डिस्क दिसताहेत, तयार करू का, असं. मला वाटलं, तयार करू म्हणजे सुरू करू. मी म्हटलं कर बाई, सणाचा दिवस आहे. एक निळी पट्टी सरकायला लागली. मग तिच्याखालची बारीक अक्षरं मी वाचली, आधीचं सगळं पुसलं जाईल. वायर भिंतीतनं उपटून काढली तेव्हा प्लग हातात आणि बोर्डाची चौकट लोंबकळत होती. परत लावून बघितलं तर पेटी रिकामी. कोऱ्या पाटीसारखी.

लोकांची लग्नं ज्याची त्याला दिलेली होती. कुणाचं काही अडणार नव्हतं. त्या पेटीत एकच गोष्ट अशी होती जी जगात दुसरीकडं कुठं नव्हती, आणि ती म्हणजे तुमचा आवाज. तुम्ही येरमाळ्याच्या येडाई देवीच्या आराधी. मंगळवारी, शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि तो आवाज, ज्यासाठी चैत्राच्या यात्रेत प्रथेप्रमाणे रानात चुनखडीचे खडे वेचायला आलेल्या परगावच्या बायासुद्धा थांबून ऐकायच्या. तुमच्या शेवटच्या वर्षी मी मागं लागले होते, गाणं रेकॉर्ड करू म्हणून. तुम्ही म्हणालात, "येडाईचं गानं डब्यात कोंडायचं नसतंय." मी म्हटलं, डब्यात नाही, तुमच्या नातवंडांसाठी. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. मग एका दुपारी आपणच झांज घेऊन येऊन बसलात. "एक डाव गाती. चुकलं तर चुकलं. परत म्हन म्हनू नको." ते एक गाणं. मी शहाणपणानं ते दोन ठिकाणी ठेवलं होतं आणि दोन्ही ठिकाणं त्याच पेटीत होती. माझ्या अकलेचे तारे बघा. वन्संकडं, म्हणजे तुमच्या लेकीकडं, एक सीडी दिली होती, तिच्यावर पोरांनी कधीच चरे पाडले होते. आणि नेमका दसऱ्यालाच वन्संचा फोन आला. त्यांच्या थोरलीचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. म्हणाल्या, "वहिनी, गोंधळाला आधी आईचं गाणं लावायचं. पोरीनं आजीला ऐकलंच न्हाय. तेवढं पाठवून दे." मी "व्हय, देते की" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर भिंतीला टेकून खाली बसले.

तुमच्या लेकाला सांगितलं. तो "जाऊ दे" म्हणाला आणि शेळ्यांकडं गेला. तुम्ही गेल्यापासून त्यानं ते गाणं एकदाही ऐकलेलं नाही. मी लावलं की त्याला काहीतरी काम आठवायचं, दावं तुटलेलं असायचं नाहीतर मोटार बंद करायची राहिलेली असायची. मला आधी त्याचा फार राग यायचा. म्हणायचे, कसला दगडाचा माणूस आहे हा, आईचा आवाज नको वाटतो. "जाऊ दे" म्हणाला त्या दिवशीही मी मनातल्या मनात त्याला बोल लावला.

सोलापूरला असली कामं करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, पहिली गोष्ट, त्या डिस्कवर आता काही म्हणजे काही लिहू नका. प्रत्येकीची हुबेहूब नक्कल काढा, अस्सल कपाटात ठेवा आणि जे काय करायचं ते नकलेवर करा. वायर लवकर उपटलीत, पुसलं गेलं ते वरवरचं असेल. क्रम काय होता डिस्कचा?" मी म्हटलं, "पुसला." "पुसला म्हणजे?" "पूजा केली." त्यावर ते म्हणाले, "पूजा मी पण करतो ताई. पण झाकण लावून." मला त्या अवस्थेत हसू आलं. त्यांनी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, कसं चालवायचं ते समजावून सांगितलं. क्रम मात्र तुमचा तुम्हालाच शोधावा लागेल, म्हणाले. एकेक जुळवून बघा, दुसरा उपाय नाही. तुमच्या लेकानं बार्शीहून नवी मोठी डिस्क आणून दिली. नकला निघायला लागल्या. तिघींच्या पूर्ण निघाल्या. लाल दिव्याची चौथी नुसतीच टकटक करत राहिली आणि बंद पडली. म्हणजे आता तिघींवरच भिस्त, आणि त्या तिघींचाही क्रम ठाऊक नाही, मेलेलीची जागा कुठली तेही ठाऊक नाही.

पहिले काही क्रम मी बेभान होऊन जुळवले. एक चुकला की लगेच दुसरा, कुठला झाला कुठला राहिला याचा पत्ता नाही. डोकं भणाणून गेलं. उठले, चहा टाकला, दारात येऊन बसले. समोर एक व्यालेली शेळी करडाला चाटत होती. आणि आत्या, मला ती करडं आठवली. तीच, मी साबणानं धुतलेली.

मी शहरातली पोर. घरात दोन शेळ्या एकाच दिवशी व्याल्या होत्या, तुम्ही रानात होतात, आणि मला ती बुळबुळीत करडं बघून कसंसंच झालं. मी कोमट पाणी केलं, अंगाचा साबण घेतला आणि चारही करडं धुऊन पुसून एका डालग्याखाली ठेवली. तुम्ही आलात तेव्हा दोन्ही शेळ्या ओरडत होत्या आणि करडं जवळ नेलं की लाथ मारत होत्या. तुम्ही डालगं उचललंत, करडाचा वास घेतलात आणि माझ्याकडं असं बघितलंत की मला धरणी दुभंगावी असं झालं. "वास धुतलास व्हय गं त्यांचा? आता आय वळखंल कशी?" मी म्हटलं, कुणाचंही कुणालाही पाजलं तर काय बिघडतं. गडबडीनं एक करडू उचलून जवळच्या शेळीला लावलंसुद्धा. तुम्ही ते ओढून घेतलंत आणि माझ्या हातावर चापट मारलीत. लग्न झाल्यावर मला कुणी मारलेली ती एकच चापट. "दुसऱ्याचं पिऊ दिलंस तर ज्याचं त्ये उपाशी ऱ्हाईल. आन् एकदा पिलं की मग तर अजाबातच कळायचं न्हाय कोन कुनाचं. तोंड दाबून धर त्याचं. हुंगू दे तिला. पिऊ दिऊ नको."

मग तुम्ही गोठ्यात मांडी घालून बसलात. एक करडू मांडीवर, त्याचं तोंड मुठीत धरलेलं. शेळीला हुंगू द्यायचं, थांबायचं. लाथ मारली तर करडू बाजूला, दुसरं उचलायचं. घाई नाही, आरडाओरडा नाही. ज्या करडाची दोन्हीकडं विचारणा झाली त्याच्या कानाला तुम्ही गेरू लावत होतात, म्हणजे परत परत तेच पुढं जायला नको. साबणाखाली कुठंतरी थोडा वास उरला असेलच, यावर तुमचा केवढा विश्वास. "आय विसरत न्हाय गं," तुम्ही म्हणालात, "तिला वाईच येळ दे." अंधार पडायच्या आत एकेक करून चारही करडं आपापल्या आईला लागली. मी तिथंच उभी होते. तुम्ही मला हाकलून दिलं नाहीत, आणि मी आयुष्यात काही शिकले असेन तर त्या दुपारी शिकले.

चहा तसाच राहिला. आत आले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सोलापूरचे गृहस्थ म्हणत होते तेच तुम्ही गोठ्यात बसून सांगितलं होतं. हुंगू द्यायचं, पिऊ द्यायचं नाही. नुसतं वाचायचं, लिहायचं काही नाही. एक क्रम लावायचा, एका लग्नाचा मोठा फोटो उघडून बघायचा. वर नवरीचं कपाळ बरोबर, आणि बाशिंगाखाली नुसते राखाडी पट्टे. म्हणजे लाथ मारली. चुकलेला क्रम मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचा आणि त्यावर काट मारायची. स्वयंपाक, शेळ्यांचं दूध, सोयाबीनची पोती, आणि मधल्या दुपारी हे. किती दुपारी ते मोजलं नाही. वन्संचा परत फोन आला, गाणं पाठवलंस का म्हणून. मी म्हटलं, जरा साफ करतेय. खोटं बोलले, पण काय करू.

एके दिवशी कपाळ उमटलं, बाशिंग उमटलं, डोळे उमटले, नाकातली नथ उमटली. पट्टे आले नाहीत. आख्खी नवरी माझ्याकडं बघत होती, शेजारी घामाघूम नवरा. मी खुर्चीतनं उठले आणि कुणी नव्हतं तरी मोठ्यानं म्हणाले, "लागलं! आत्या, लागलं!" त्या अनोळखी नवरीची मी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली.

तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये गाणं होतं. आणि त्याच्याजवळ आणखी एक फाईल होती, जी मी टाकून दिली असं समजत होते. त्या दुपारी जसंच्या तसं रेकॉर्ड झालेलं, कच्चं. झालं असं होतं, की नंतर मी त्यातला खोकला काढला, कोंबड्या काढल्या, तुम्ही मध्ये थांबला होतात ती जागा काढली आणि सलग, गुळगुळीत गाणं केलं. तेच मी नेहमी लावायचे. काय काय काढलं हे मी पार विसरून गेले होते. मी आधी कच्चंच लावलं, आवाज मोठा करून. दार उघडं होतं. अंगणात तुमचा लेक सोयाबीनची पोती शिवत होता, आणि मला वाटलं, आता हा उठणार, दावं शोधायला जाणार.

तुम्ही गायला लागलात. आत्या, तो आवाज. मी साफ केला होता तेव्हा त्यातला तुमचा श्वाससुद्धा कापून टाकला होता, हे मला आज कळलं. इथं तो होता. कडव्यांच्या मध्ये तुम्ही दम घेत होतात, कवड्यांची माळ झांजेला लागून खुळखुळत होती. आणि तिसरं कडवं चालू असताना तुम्ही एकदम थांबलात. झांज खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दाराकडं तोंड करून, चार रानं पलीकडं जाईल अशा आवाजात, तुम्ही हाक मारलीत. "आरं ए, जेवलास का रं?"

अंगणातून आवाज आला, "व्हय गं आये, जेवलो."

मला वाटलं तोही रेकॉर्डिंगमधलाच. मग मला आठवलं. त्या दुपारी तो घरी आलाच नव्हता, तुम्हाला नुसता भास झाला होता. रेकॉर्डिंगमध्ये तुमच्या हाकेनंतर काहीच नाही. तुम्ही वाट बघताय एवढंच ऐकू येतं. त्या रिकाम्या जागेत त्यानं आज, दाभण हातात धरून, मान खाली घालून, नकळत ओ दिली होती. आणि लगेच तुमचा आवाज, "बहिरं झालंय मेलं," आणि परत झांज, परत गाणं.

मी दारात गेले. त्याच्या हातातला दाभण पोत्यात अर्धा घुसलेला तसाच होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, दाराकडं बघत होता, माझ्यामागं कुणी उभं असल्यासारखा. मग चप्पल काढून आत आला, माझ्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "परत लाव." मी लावलं. हाकेपाशी तो तोंडावर उपरणं धरून रडला, लहान पोरासारखा हमसून हमसून. तुमच्या तिसऱ्या दिवसाला, दहाव्याला, कधीच रडला नव्हता तो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. दगडाचा माणूस म्हणायचे मी याला. हा बाहेर का जायचा ते मला तेव्हा कळलं.

वन्संच्या पोरीचं लग्न छान झालं. गोंधळाआधी तुमचं गाणं लावलं, कच्चंच, खोकल्यासकट. हाक आली तेव्हा मांडवातल्या म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या आणि तशाच रडल्या. आता ते वन्संकडं आहे, माझ्या भावाकडं बार्शीला आहे, सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. डिस्कवरचे आकडे मी ऑइल पेंटनं लिहिलेत. पुढच्या खंडेनवमीला मी पेटी उघडणार, तुमचंच ऐकणार, फक्त फडकं कोरडं घेणार.

आत्या, हाताला धरून तुम्ही मला जे शिकवलंत त्याच्यावर हे घर चाललंय. लोकांना सासवा असतात, मला तुम्ही होतात. हे तुम्ही जिवंत असताना म्हणायला पाहिजे होतं असंही मला वाटत नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, "बास, भाकरी करपती." पत्र पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही, आणि तुम्हाला वाचून दाखवणारी मीच होते. तेव्हा हे इथंच राहील. एवढं एक सांगते आणि उठते. तो रानात असला, घरात कुणी नसलं, की मी कधी कधी ते लावते. तुम्ही हाक मारता, जेवलास का रं. आणि तुम्ही त्याला बहिरं म्हणायच्या आत मी घाईघाईनं सांगते, जेवला, आत्या. मीच वाढलं.